तीन सामने उरले असताना

सुपर मार्केटचा थांबा यायच्या आधीच, बस चालू असताना मी उतरले. असं मी कधी करत नाही. चालत्या बसमधून उतरणाऱ्या माणसाच्या अंगात बसचाच वेग असतो, हे मला शाळेपासून पाठ आहे, आणि म्हणूनच गुलबर्ग्यात सहा वर्षं राहून मी एकदाही तसं उतरले नव्हते. त्या दिवशी चार पावलं पळत गेले, डाव्या पायातली चप्पल मागं राहिली, एका केळीवाल्यानं ती पायानंच माझ्याकडे सरकवली. फोन अजून कानाला होता. पलीकडून गुरुपादय्या मास्तर विचारत होते, ‘ऐकायलीस न्हवं, अंबक्का?’ आणि मी म्हणाले, ‘बघते.’ फोन बंद झाल्यावर मी तिथंच उभी राहिले. उन्हात रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं, गुरुवार होता, सकाळचे साडेअकरा झाले होते, आणि मला सगळ्यात जास्त राग आला तो त्या ‘बघते’चा. नाही म्हणायचं होतं. नाही हा शब्द तोंडात तयार होता, आणि बाहेर आला तो दुसराच.

मास्तरांचं म्हणणं साधं होतं. हुमनाबादच्या नौजवान फुटबॉल क्लबचे ते सेक्रेटरी. शाळेत मला कवायत त्यांनीच शिकवलेली. लीगमधले तीन सामने उरले होते, आठ संघांत आमचा क्लब सातवा होता, आणि शेवटचे दोन संघ खालच्या श्रेणीत जाणार होते. वरच्या श्रेणीतल्या पोरांना पोलीस भरतीत, रेल्वेत खेळाडू म्हणून उभं राहता येतं. खालच्या श्रेणीतल्यांचा अर्ज कुणी उघडतही नाही. तेव्हा कोच बदलायचा, हैदराबादचा एक माणूस आणायचा, असं कमिटीचं ठरलं होतं. कोच म्हणजे माझे वडील, पिराप्पा. एकवीस वर्षं ते त्या पोरांना खेळवत होते. त्यांना काढायचं होतं, पण त्यांना काढलं असं व्हायला नको होतं. त्यांनी आपण होऊन जावं, शाल-नारळ देऊ, फोटो काढू. आणि ते आपण होऊन जाणार नाहीत म्हणून राजीनामा मी लिहायचा. ‘तू लिवलीस की ते वाचत न्हाईत,’ मास्तर म्हणाले होते, ‘सही करतेत.’ शनिवारी चार वाजता कमिटी बसणार. म्हणजे माझ्याकडे दोन दिवस आणि साडेचार तास होते.

ते सही करतात हे खरं होतं. अप्पांची सही तीन अक्षरांची आहे, पि, रा आणि एक मोठा प्पा, आणि दहावीनंतर घरातला प्रत्येक कागद मी लिहिला आणि त्यांनी मी बोट ठेवीन तिथं ती तीन अक्षरं काढली. वाचून दाखवू का विचारलं तर म्हणायचे, तू काय माझं रान लिवून घ्यायलीस का. नगरपालिकेत ते वॉलमन होते. पहाटे चार वाजता टाकीखालच्या विहिरीत उतरून एका लांब लोखंडी चावीनं एकेका वॉर्डचं पाणी सोडायचं आणि बंद करायचं. सातव्या वॉर्डाला चाळीस मिनिटं, नवव्याला पन्नास, कारण नववा चढावर आहे. घड्याळ त्यांनी कधी वापरलं नाही. नळाच्या आवाजावरून त्यांना कळायचं. मी एमएस्सीला असताना एकदा महिनाभर त्यांच्यासोबत जाऊन वेळा टिपल्या होत्या. त्यांची चूक सरासरी सव्वा मिनिटाची निघाली. मी ते कौतुकानं सांगितलं तर त्यांना ते आवडलं नाही. माझ्या मागं मागं कामून मोजत फिरायलीस, म्हणाले.

मोजण्याशी आमच्या घराचं वाकडंच आहे. आजोबांची मेंढरं होती, बसवकल्याणच्या माळापासून खाली गोदावरीपर्यंत जायची, आणि आजोबांच्या वाड्यावर – वाडा म्हणजे बाभळीच्या काट्यांचं कुंपण, दुसरं काही नाही – एक नियम होता: जितं मोजायचं नाही. कणसं मोजा, पेंढ्या मोजा, मेलेलं मेंढरू मोजा. चालतं-बोलतं मोजलं की कमी होतं. मग रात्री कळप पुरा आला हे कसं कळायचं? तोंडावरून. आजोबा दाराशी बसायचे, मेंढरं आत शिरायची, आणि शेवटी ते म्हणायचे, काळ्या कानाची न्हाई आली. किती आली ते त्यांना ठाऊक नसायचं. कोण आलं नाही ते ठाऊक असायचं. सहा वर्षांची असताना मी तिथं बोट दाखवून मोठ्यानं सत्तावीसपर्यंत गेले होते आणि आजोबांनी माझ्या तोंडावर मारलं होतं, जोरात नाही, चार बोटांनी, माशी उडवावी तसं. पुढं मी संख्याशास्त्र घेतलं. कुणी कारण विचारलं की मी मार्क सांगते. पण त्या चार बोटांच्या स्पर्शाचा आणि त्याचा काहीच संबंध नसेल असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही.

अप्पा पोरांना तसंच खेळवायचे. मैदानावर त्यांनी कधी ‘अकरा’ हा शब्द उच्चारला नाही. पहाटेची पाण्याची पाळी आटोपून ते यायचे, चावी गोलपोस्टला टेकवून ठेवायचे, पोरं पळत असायची, आणि ते एक नजर टाकून म्हणायचे, बेगचा धाकटा कुठं हाय. खेळतानाही तेच. त्यांचं सगळं कोचिंग भोकं बघण्याचं होतं. डाव्या बाजूला भोक पडलंय, बुजवा. मधलं उघडं पडायलंय, आत या. चेंडूकडे ते फारसे बघत नसत. चेंडूच्या मागं कुत्रं बी पळतंय, म्हणायचे. पोरं त्यांना उस्ताद म्हणायची. त्यांतली निम्मी दरवर्षी जायची, हैदराबादला सिमेंटच्या गोण्या उचलायला, पुण्याला कंपनीच्या गेटवर उभं राहायला. नव्वदनंतर तर गाव म्हणजे बसस्टँडच झालं होतं. अप्पा नवी पोरं आणायचे, त्यांची तोंडं पाठ करायचे, आणि पुन्हा भोकं बुजवायला लागायचे. एकवीस वर्षांत क्लब एकदाच खाली गेला होता आणि दुसऱ्याच वर्षी वर आला होता. हे आकडे माझे आहेत. त्यांना विचारलं तर त्यांनी फक्त त्या वर्षीच्या पोरांची नावं सांगितली असती.

बस नाही मिळाली म्हणून नव्हे, मिळत असतानाही मी कॉलेजपर्यंत चालत गेले. दोन तास शिकवले. प्रायिकता. फळ्यावर फासे काढताना मला सारखं चित्तापूर दिसत होतं. तिथल्या संघाशी झालेल्या सामन्याला मी गेले होते, रविवार होता, गुलबर्ग्याहून जवळ पडतं. एक-एक अशी बरोबरी होती, सत्तरावं मिनिट. आमचा महांतेश, निर्णा गावचा, डाव्या बाजूचा सगळ्यात चिवट पोरगा, पाय मुरगळून कोपऱ्यातल्या झेंड्यापलीकडे जाऊन पडला. त्याच्या जागी अप्पांनी नरसिंगला आत सोडलं. एक भोक, एक गडी, हिशेब पुरा. पण महांतेशच्या पायावर कुणीतरी थंड फवारा मारला, तो उठला, दोन उड्या मारून बघितल्या आणि पलीकडच्या बाजूनं परत आत आला. नरसिंग दुसऱ्या कुणासाठी आलाय असं त्याला वाटलं. पंचाची पाठ होती. आणि अप्पांना दिसलं नाही. वीस हातांवर उभे होते ते, डोळे मैदानावर, आणि त्यांना दिसलं नाही. लोक पुढं म्हणाले, म्हातारा झाला, नजर गेली. नजर गेली नव्हती. त्यांची नजर कमी पडलेलं बघायला घडलेली होती, जास्त झालेलं बघायला नाही. महांतेश तर ओळखीचं तोंड. ते मैदानावर असणं त्यांना बरोबरच वाटलं असणार. कळपात चुकून जास्तीचं मेंढरू शिरलं तर कुठला धनगर त्याला हाकलतो?

मी मोजले होते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी सवयीनं मोजते, जिने, खांब, बाकावरची मुलं. महांतेश आत आल्यावर साधारण अर्ध्या मिनिटानं मी आमचे गडी मोजले आणि बारा आले. मला वाटलं चूक झाली. पुन्हा मोजले. बारा. निरीक्षण तीनदा घ्यावं असं आम्हाला शिकवलं आहे, मी तिसऱ्यांदा मोजलं. मग मी ओरडायला हवं होतं. अप्पा माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होते. माझं तोंड उघडलं आणि ओठांवर काहीतरी आलं, चार बोटांसारखं, आणि मी ते मिटलं. जितं मोठ्यानं मोजू नये. मी, एमएस्सी, पहिला वर्ग. इतकंच असतं तर मी स्वतःला सोडूनही दिलं असतं. पण त्यानंतर आमचा गोल झाला, नरसिंगनं महांतेशला दिला, महांतेशनं आत मारला, आणि त्यापुढं मी गप्प राहिले त्याचं कारण वेगळं होतं. आम्ही जिंकत होतो. गोलच्या आधीचं गप्प राहणं आणि नंतरचं गप्प राहणं यांत फरक आहे, आणि तो फरक मला एकटीलाच ठाऊक आहे. चित्तापूरच्या कप्तानानं मोजलं तेव्हा सहा मिनिटं चाळीस सेकंद झाले होते. लीगनं सामना त्यांना दिला आणि आमचे तीन गुण कापले. चौदा व्हायचे ते आठ झाले. पुढचा सामना आम्ही तसाच हरलो.

रात्री खोलीवर मी एक वही काढली. क्लबच्या लोकांच्या डोक्यात हे काढायचं खूळ कुठून शिरलं ते मला माहीत होतं. मारोतीच्या हॉटेलात केबल आल्यापासून शनिवार-रविवार इंग्लंडातली लीग दिसते. तिथं हंगाम संपत आला, संघ तळाशी गेला की कोच काढतात. चार सामने राहिलेले असोत की दोन. काढलेला माणूस कोट घालून गाडीत बसतो, नवा माणूस मफलर घेऊन फोटो काढतो. आमचे प्रेसिडेंट आप्पाराव, तुरीची डाळमिल आहे त्यांची, ते हे बघून म्हणायला लागले होते की ‘तिकडं बघा, भावकी बघत न्हाईत, डायरेक काढतेत’. मलाही त्याचं कुतूहल होतं, म्हणून वर्षभर नेट कॅफेत बसून मी तक्ता केला होता. हंगामाच्या शेवटच्या टप्प्यात कोच काढलेले एकतीस संघ. काढल्यानंतर एकोणीस संघांचा खेळ सुधारला होता. आप्पारावांनी इथंच वही मिटली असती. पण मी दुसरा रकाना केला होता: तितकेच हरलेले, तितकेच तळाशी गेलेले, आणि कोच न काढलेले संघ. तेही जवळपास तेवढेच सुधारले होते. माणूस ताप सगळ्यात जास्त चढला की ताईत बांधतो. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो. ताप उतरायचाच होता. ताईताला नारळ मिळतो.

वही बघताना आधी मला बरं वाटलं, मग वाटेनासं झालं. कारण आकडे अप्पांच्या बाजूचे नव्हते. ते आप्पारावांच्या बाजूचे नव्हते एवढंच. काढून फायदा नाही, पण तोटाही नाही. खेळाच्या दृष्टीनं अप्पा असले काय, नसले काय. हे वाक्य मी मनात पुरं केलं आणि वही मिटली. एकवीस वर्षं पहाटे उठणाऱ्या माणसाबद्दल माझ्याच वहीनं हे म्हणावं. मी दिवा बंद केला आणि अंधारात पडून राजीनामा रचायला लागले, फक्त कसा दिसेल ते बघायला. कन्नडात लिहायचा. वयोमानानुसार. प्रकृतीच्या कारणास्तव. स्वखुशीनं. ‘स्वखुशीनं’ला मी थांबले. तो शब्द लिहिणारा हात माझा, सही त्यांची, खुशी आप्पारावांची. आणि त्यात चित्तापूर कुठंच नाही. तो कागद झाला की अप्पा म्हातारे होऊन गेले असं होणार, महांतेशच्या नावावर काही येणार नाही, मी मोजलं होतं ते तर कधी घडलंच नाही असं होणार. सगळ्यांची सोय होती त्यात. माझी सगळ्यात जास्त. तेव्हा कुठं मला कळलं की फोनवर ‘नाही’च्या जागी ‘बघते’ कुणी म्हटलं.

शुक्रवारी दुपारच्या बसनं मी हुमनाबादला गेले. कमलापूरच्या चढावर बस नेहमीसारखी कण्हली. घरी आई, म्हाळसाबाई, सूप घेऊन तूर पाखडत होती. तिला सगळं ठाऊक होतं, हुमनाबादेत सगळ्यांना ठाऊक होतं, अप्पा सोडून. ‘एकवीस वर्सं दुसऱ्याची पोरं हाकलली,’ ती सुपाकडे बघत म्हणाली, ‘आता हाकलणाऱ्यालाच हाकलायलेत. बरं झालं. सकाळी घरात एक घोट पाणी भरून ठेवतील.’ आणि मग डोळे पुसले, तुरीचं फोल गेलं म्हणाली. अप्पा आले, पाय धुतले, चावी भिंतीला लावली. मी त्यांना पाठ फिरवून सांगायचं ठरवलं होतं, पण समोर बसूनच सांगितलं. मास्तरांचा फोन, राजीनामा, शनिवार, हैदराबादचा नवा कोच. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, तू लिवलीस का. मी नाही म्हणाले. ते म्हणाले, मग झालं की. जेवायला वाढ.

जेवताना मी दुसरं सांगितलं. मी मोजलं होतं, तीनदा, बारा आले होते, आणि मी गप्प बसले. त्यांचा घास हातात राहिला. मला वाटलं आता ते विचारतील का गप्प बसलीस, आणि मी गोलच्या आधीचं आणि नंतरचं दोन्ही सांगायची तयारी केली होती. त्यांनी विचारलं वेगळंच.

‘महांतेशला धरून मोजलीस?’

‘व्हय.’

‘म्हंजी तो तुला जास्तीचा वाटला.’

त्यांनी घास खाली ठेवला. ‘मला तो जास्तीचा वाटला न्हाई,’ ते म्हणाले. ‘आजून बी वाटत न्हाई. नियम हाय, नियम मोडला, ते खरं. चूक माझीच. पण कुणाला जास्तीचं ठरवायचं मला येत न्हाई बघ, अंबू. कमी कोण हाय ते येतंय.’ मग त्यांनी भाकरी मोडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले की राजीनामा म्हणजे मी सोडून जायलोय असं होतंय, आणि मी तर कुठंच जायलो न्हाई. कमिटीला काढायचं असेल तर काढू दे. त्यांच्या हातानं लिहू दे.

शनिवारी चार वाजता आम्ही दोघं डाळमिलच्या ऑफिसात गेलो. अप्पांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. मिल बंद होती तरी तुरीच्या टरफलांची भुकटी हवेत होती, गळ्यात बसत होती. कमिटीचे नऊ जण, त्यांत कोच म्हणून अप्पा एक, नवा येऊन बसेपर्यंत जुनाच मेंबर, क्लबच्या घटनेतच तसं आहे. मी कुणीच नव्हते, पण मला खुर्ची दिली गेली, कारण कागद माझ्याजवळ आहे असं सगळ्यांना वाटत होतं. टेबलावर शाल होती, दुकानाच्या पिशवीतच. क्लबचं प्रोसिडिंग बुक मास्तरांच्या मांडीवर होतं. त्याची पहिली पानं उर्दूत आहेत, निजामाच्या काळातली, मधली मराठीत आणि आताची कन्नडात. चहा यायच्या आधी आप्पारावांनी बरंच बोलून घेतलं. उस्तादांचे उपकार, उस्तादांची तब्येत, गावाचं नाक. मग माझ्याकडे हात केला. मी म्हणाले, कागद नाही. ते हसले, म्हणजे हसू चेहऱ्यावर तसंच ठेवून त्यांनी मास्तरांकडे बघितलं, आणि मास्तरांनी माझ्याकडे. मी पुन्हा म्हणाले की मी लिहिलेला नाही आणि लिहिणार नाही. काढायचं असेल तर ठराव लिहा. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा शांत निघाला.

खोलीत आवाज झाला तो पिशवीचा, कुणाचा तरी हात शालीला लागला. आप्पाराव म्हणाले, शिकलेल्या पोरींचं असं असतंय, बापाला अपमान करून घ्यायला लावायलीस. मग बरं, म्हणाले, लिवा मास्तर. मास्तरांनी चष्मा पुसला. वयोमानामुळे, आप्पाराव सांगायला लागले, पिराप्पा यांना कोचपदावरून मुक्त करण्यात येत आहे. मास्तरांचं पेन अर्ध्या ओळीपर्यंत गेलं तेव्हा अप्पा बोलले. त्या खोलीत ते पहिल्यांदा बोलत होते आणि त्यांनी आवाज चढवला नाही. मैदानात पलीकडच्या कोपऱ्यात पोचवायचा असतो तसा सरळ, लांब सोडला.

‘वय लिवू नका. वय माझं हाय, क्लबचं न्हाई. चित्तापूरला बारा गडी खेळीवले म्हणून काढलं, असं लिवा.’

मी मध्ये बोलले. म्हणाले, मग हेही लिहा की मी ते मोजलं होतं आणि सांगितलं नाही. माझं नाव घाला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि अप्पांनी मान वळवली. असं त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. पोरांकडे बघायचे, चेंडूमागं जागा सोडून पळणाऱ्या पोराकडे. ‘तू आपल्या जागंवर बस,’ ते म्हणाले. ‘माझ्या चुकीत वाटा मागायलीस का?’ कुणीतरी हसलं. मी बसले. माझे कान तापले होते, आणि तरीही आत कुठंतरी हलकं झालं, कारण ते बोलून झालं होतं आणि ऐकून झालं होतं. लिहिलं गेलं नाही तरी.

मास्तरांनी लिहिलं. बारा हा आकडा त्यांनी अंकात लिहिला आणि पुन्हा अक्षरात. वाचून दाखवलं. सूचक म्हणून आप्पारावांनी सही केली, जरा जास्तच दाबून. मग मास्तर म्हणाले, अनुमोदक. आणि वर बघितलं.

घटनेत आहे, ठरावाला सूचक लागतो आणि अनुमोदक लागतो, दोघांचं नाव बुकात येतं आणि राहतं. मी सगळ्यांची तोंडं बघितली. हे सगळे ठरवून आले होते. अप्पा आपण होऊन गेले असते तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या, शाल दोघांनी मिळून घातली असती. आता एक सही हवी होती आणि प्रत्येकाला आठवत होतं की आपला पोरगा, आपला भाऊ, आपण स्वतः या माणसाच्या हाताखाली पळलो आहोत. एक जण फोन बघायला लागला. एकानं बाहेर थुंकून येतो म्हणून उठायचं केलं आणि परत बसला. आप्पाराव म्हणाले, द्या की कुणीतरी. मग म्हणाले, मास्तर, तुम्ही. मास्तरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. ‘मी सेक्रेटरी हाय,’ ते म्हणाले, ‘मला देता येत न्हाई,’ आणि ते खरं आहे की नाही हे त्यांनी कुणालाच विचारू दिलं नाही.

अनुमोदक नसेल तर ठराव पडतो. मला ते ठाऊक होतं, आणि भिंतीवरच्या घड्याळात सेकंदकाटा फिरत होता, आणि मी मोजायला लागले होते: अजून एक फेरा, अजून एक, मग मी उठून म्हणणार होते की ठराव पडला, आणि उद्या रविवारी अप्पाच लाइनवर उभे राहणार होते. दोन फेरे झाले. मी जिंकत होते. चित्तापूरच्या सत्तराव्या मिनिटानंतर वाटलं होतं तसंच काहीसं मला वाटायला लागलं होतं, आणि ते ओळखायला मला उशीर झाला.

‘आणा हिकडं,’ अप्पा म्हणाले. ‘मी देतो अनुमोदन.’

आप्पाराव म्हणाले, तुम्हाला कसं देता येईल. अप्पा म्हणाले, मी मेंबर हाय का न्हाई? मास्तर माझ्याकडे बघायला लागले; घटना माझी पाठ आहे हे त्यांना ठाऊक होतं. मी नाही म्हणू शकले असते. कुणीही तपासलं नसतं. स्वतःबद्दलच्या ठरावाला अनुमोदन देता येत नाही, इतकं एक वाक्य, आणि आप्पारावसुद्धा सुटलो म्हणून हसले असते. मी अप्पांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. कुणाची हिंमत झाली नाही म्हणून राहिलेला कोच, ते काही त्यांना नको होतं. कमी पडलेली एक सही त्यांना दिसली होती, आणि तेवढंच ते बघत होते.

‘घटनेत तसं कुठं नाही,’ मी म्हणाले. ‘देता येतं.’

मास्तरांनी बुक त्यांच्यासमोर धरलं. मी बोट ठेवायला पुढं झाले नाही. त्यांनी स्वतःच ओळ शोधली, वरपासून खाली, बराच वेळ लावून, ओठ हलवत, आणि पि, रा आणि मोठा प्पा काढला. पेन मास्तरांना परत दिलं. शालीकडे कुणी बघितलं नाही. आता ते उठतील असं सगळ्यांना वाटलं, म्हणून दोघं-तिघं खुर्च्या मागं सारायला लागले. अप्पांनी मांडी बदलली.

‘पुढचा इषय घ्या,’ ते म्हणाले.

पुढचा विषय कुणाजवळ नव्हता. हैदराबादचा माणूस बुधवारी येणार होता, सामना उद्या होता, आणि लाइनवर कोण उभं राहणार हे कुणी ठरवलं नव्हतं. चहा आला. अप्पांनी बशी घेतली, ओतला, फुंकला. अजून मेंबर होते ते, आणि ते उठल्याशिवाय त्या खोलीतून कुणीच उठू शकत नव्हतं.